केळी, चिलटं आणि सळया

दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन आठवडे आमच्या रूममध्ये बारा बाटल्या होत्या. माझ्या पुस्तकांच्या फळीवर, 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स'च्या शेजारी. बाटलीच्या तळाला मक्याच्या पिठाची आणि गुळाची घट्ट खीर, तोंडाला कापसाचा बोळा, आणि आत चिलटं. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ना, तीच, लाल डोळ्यांची.

माझी रूममेट बायोटेकची, मी सिव्हिलची. तिच्या फायनल इयर प्रोजेक्टच्या माश्या सुट्टीत लॅबच्या इनक्युबेटरमध्ये होत्या. सुट्टीत वीज गेली, परत आली, पण इनक्युबेटर काही परत चालू झाला नाही, आणि उलट गरम होत राहिला. या माशीला पंचवीस डिग्री सेल्सिअस मानवते. तिशीच्या वर बरेच दिवस काढले की नर नापीक होतात. उरलेल्या बाटल्या तिने रूमवर आणल्या, कारण आमची रूम उत्तरेची आणि थंड. मग कॉरिडॉरमध्ये चिलटं दिसायला लागली (ती मेसच्या केळ्यांवरची होती असं आम्ही अजूनही म्हणतो), तक्रार गेली, आणि रेक्टर मॅडमनी सांगितलं की सोमवारपर्यंत बाटल्या गेल्या पाहिजेत. जाता जाता त्या म्हणाल्या, "इंजिनिअरिंग कॉलेजात माश्या कशाला गं पाळता?"

प्रश्न बरोबरच आहे. रूममेटने त्या दिवशी उत्तर दिलं नाही, ती रडत होती. म्हणून मी देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, 'एकोणसत्तर' म्हटलं की मला अजून बोटं मोजावी लागतात, तेव्हा भाषेच्या चुका संपादकांनी आणि तुम्ही सांभाळून घ्या.

आधी एक खुलासा. शेतकऱ्याला 'फळमाशी' म्हटलं की आंब्यात, पेरूत अंडी घालणारी माशी आठवते. ती वेगळी, मोठी, आणि खरंच नुकसान करणारी. आमच्या बाटलीतली ती ड्रोसोफिला. सडक्या फळावरचं यीस्ट खाते आणि कुणाचं फारसं बिघडवत नाही. 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गनना पांढऱ्या डोळ्यांची एक माशी सापडली, तेव्हापासून ही जगातल्या प्रयोगशाळांत घरजावयासारखी राहते. दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण माशी तयार, खर्च केळ्याइतका.

आता सळया. पेशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दहावीच्या पुस्तकातलं चित्र येतं, पाण्याच्या फुग्यात पोहणारा एक ठिपका. पण फुग्याला आकार कोण देतं? पेशी ताणते, चिमटते, सरकते, दुभंगते, ते कशाच्या जोरावर? त्यातलं बरंचसं काम अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांवर चालतं. 1942 मध्ये हंगेरीतल्या सेगेद गावी, सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत, श्ट्राउब या तरुण संशोधकाने ते स्नायूतून वेगळं काढलं. नंतर कळलं की ते नुसतं स्नायूत नाही, सगळ्याच पेशींत आहे, माशीच्याही आणि आपल्याही.

एक अ‍ॅक्टिन म्हणजे 375 अमिनो आम्लांची एक गोळी. गोळीला गोळी लागत गेली की सुमारे 7 नॅनोमीटर जाडीचा धागा होतो. मी त्याला सळई म्हणते. पण आपल्या सळईशी याचं साम्य तिथेच संपतं. आपली सळई कारखान्यातून तयार येते. ही साइटवरच बनते, काम झालं की तिथेच मोडते, आणि मोडलेल्या गोळ्या दुसरीकडे वापरल्या जातात. शिवाय तिची दोन टोकं सारखी नाहीत. एका टोकाला गोळ्या भराभर लागतात, दुसऱ्याला जवळजवळ दहापट हळू. तिला वयसुद्धा आहे! गोळी सळईत बसते तेव्हा तिच्या पोटात एटीपी असतो. बसल्यावर काही सेकंदांत तो फुटून एडीपी होतो, पण सुटलेला फॉस्फेट बाहेर पडायला काही मिनिटं घेतो. म्हणजे सळईचा कुठला भाग नवा आणि कुठला जुना हे पेशीला वाचता येतं, औषधाच्या पाकिटावर तारीख असते तसं.

हे सगळं ऐकल्यावर मी रूममेटला विचारलं, मग सळया बनवायला सांगतं कोण? ती म्हणाली, "तुझा प्रश्नच उलटा आहे. त्यांना थांबवतं कोण ते विचार."

आणि ते खरं आहे. सळई वाढायला जेवढी सुटी अ‍ॅक्टिन लागते, त्याच्या शेकडो पट पेशीत पडून असते. केमिस्ट्रीच्या नियमाने ती सगळी क्षणात गोठून पेशीचा दगड व्हायला हवा. तो होत नाही याची कारणं बघण्यासारखी आहेत. एक तर, सुरुवातच अवघड. दोन गोळ्या चिकटल्या तरी लगेच सुटतात. तिसरी वेळेत येऊन लागली तरच बूड धरतं, मग पुढे सोपं. दुसरं, प्रोफिलिन नावाचं छोटं प्रथिन सुट्या गोळीला धरून ठेवतं. असं धरतं, की तिला नवी सळई सुरू करता येत नाही, पण चालू सळईच्या वेगवान टोकाला मात्र जाऊन बसता येतं. तिसरं, टोपी घालणारी प्रथिनं. साइटवर उघड्या सळईच्या टोकाला कुणाच्या पोटात घुसू नये म्हणून टोपी घालतात, तशी ही वेगवान टोकावर बसतात आणि वाढ बंद करतात. आणि चौथं कोफिलिन, ते जुना, एडीपीवाला भाग शोधून सळई तोडतं. माशीत प्रोफिलिनच्या जनुकाचं नाव चिकडी, कोफिलिनच्याचं ट्विनस्टार. माशीवाल्यांची नावं अशीच असतात. एक अमेरिकेतला छोटा पक्षी, दुसरा जुळा तारा.

म्हणजे मुकादमाचं काम 'काम करा' असं ओरडण्याचं नाही. सगळ्यांना हातावर हात ठेवून बसवायचं, आणि नेमक्या जागी, नेमक्या वेळी तिघा-चौघांना उठवायचं. उठवणाऱ्या प्रथिनांचे तीन प्रकार मला समजले. 1994 मध्ये मचेस्की आणि पोलार्ड यांच्या गटाने अमिबासारख्या एका जीवात शोधलेला आर्प 2/3 हा सात प्रथिनांचा संच. तो जुन्या सळईच्या अंगावर बसून 70 अंशांच्या कोनात नवी फांदी काढतो, त्यामुळे त्याची होते जाळी. दुसरे फॉर्मिन. दोन अर्ध्या कड्यांचं एक कडं, वेगवान टोकावर बसतं, आणि गोळ्या लागत असताना टोक न सोडता पुढे सरकत राहतं. टोपीवाल्यांना जागाच देत नाही! याच्या होतात लांब, सरळ सळया. तिसरं स्पायर. ते माशीत सापडलं आणि 2005 मध्ये मलिन्स यांच्या गटाने दाखवलं की ते आपल्या चार खाचांत चार गोळ्या ओळीने धरून सुरुवात करून देतं. तिसरी गोळी वेळेत येण्याची कटकटच मिटली.

आता या मंडळींना कामाला लावू. माशीचं अंडं कसं भरतं ते ऐका, कारण ते निव्वळ हायड्रॉलिक्स आहे.

एका पेशीचे चार वेळा विभाग होऊन सोळा पेशी होतात, पण पूर्ण सुटत नाहीत. मधल्या भिंतीत अ‍ॅक्टिनच्या कड्यांनी मजबूत केलेली गोल भोकं राहतात. सोळांपैकी एक अंडपेशी. उरलेल्या पंधरा दाया. त्या आपल्या पोटात सगळा माल तयार करतात, आणि शेवटी अर्ध्या तासाच्या आसपास आपलं सगळं द्रव्य भोकांतून अंड्यात ओतून स्वतः संपतात. रूममेटने हे सांगितलं तेव्हा मेसमध्ये समोर वरण होतं आणि मला ते गेलं नाही.

2021 मध्ये एमआयटीतल्या एका गटाने मोजमाप करून दाखवलं की या ओतण्याचा पहिला मोठा टप्पा पेशी आवळून होतच नाही. लहान फुगा आणि मोठा फुगा नळीने जोडा, तर लहान फुगा मोठ्यात रिकामा होतो. लाप्लासचा नियम, आपल्याला सेकंड इयरला होता, पृष्ठताण भागिले त्रिज्या. दाया आकाराच्या क्रमाने, लहान आधी, अशाच रिकाम्या होतात. साधारण तीन-चतुर्थांश माल गेल्यावर मग अ‍ॅक्टिन आणि मायोसिनच्या आकुंचनाच्या लाटा येऊन उरलेलं पिळून काढतात. मी हे वाचून रूममेटला म्हटलं की हा पेपर आमच्या ब्रँचचा आहे.

पण यात एक अडचण आहे, आणि ती बाथरूमची मोरी साफ केलेल्या कुणालाही कळेल. प्रत्येक दाईत न्यूक्लियस, म्हणजे केंद्रक असतं, आणि ते भोकापेक्षा कितीतरी मोठं असतं, कारण त्यात जीनोमच्या शेकडो प्रती भरलेल्या असतात. प्रवाह सुरू झाला की ते वाहत जाऊन भोकावर बसणार आणि मोरी तुंबणार. म्हणून ओतणं सुरू होण्याआधी पेशीच्या भिंतीपासून केंद्रकापर्यंत चहूबाजूंनी अ‍ॅक्टिनचे जाड दोर उभे राहतात. केंद्रक मधोमध अडकवलं जातं आणि द्रव बाजूने वाहतो. दोर उभे करायला अनेक हात लागतात. गोळ्या पुरवायला प्रोफिलिन, आणि सळया एकत्र बांधायला फॅसिन आणि विलिन जातीचं एक प्रथिन, ज्याच्या माशीतल्या जनुकाचं नाव क्वेल, म्हणजे लावा पक्षी. यांतलं एकही बिघडलं की दोर होत नाहीत, केंद्रकं भोकांत जाऊन बसतात, आणि अंडं लहान राहतं. चिकडीचं हे काम 1992 मध्ये लिन कूली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पंधरा दायांनी माल तयार केला, दारं उघडली, आणि दारातच बूच! ज्या माशीत हे होतं तिची अंडी फुकट जातात.

फॅसिनच्या जनुकाचं नाव सिंज्ड, होरपळलेलं. कारण ते बिघडलं की माशीच्या पाठीवरचे सरळ राठ केस वेडेवाकडे, विस्तवाजवळ नेल्यासारखे दिसतात. केसाच्या आत सळयांचे जुडगे असतात. रिंगा न बांधता कॉलम उभा केला तर काय होईल, ते आपल्याला माहीत आहे. एकच प्रथिन, अंडाशयात दोर बांधतं आणि पाठीवर केस उभे करतं. केस वाकडे दिसले म्हणून शोधलेलं जनुक, आणि अंड्याचं गुपित त्यात निघालं.

तरुण अंडपेशीत आणखी एक गंमत आहे, ती थोडक्यात. स्पायर आणि कॅपुचिनो (हो, कॉफी; हे एक फॉर्मिन आहे) मिळून अंड्याच्या द्रवात सळयांची विरळ जाळी विणतात. त्या जाळीमुळे आतला द्रव वेळेआधी ढवळला जात नाही, आणि पुढचं-मागचं ठरवणारे संदेश आपापल्या कोपऱ्यात पोचतात. जागा पक्क्या झाल्या की जाळी काढली जाते, आणि मग द्रव जोरात फिरायला लागतो. 1989 मध्ये मॅन्सो आणि शुपबाख यांना ही जनुकं सापडली तेव्हा एवढंच दिसलं होतं की ती बिघडली की भ्रूणाला पुढचं-मागचं आणि पाठ-पोट धड कळत नाही. जाळी दिसायला 2007 उजाडलं.

मग अंडं घातलं जातं आणि खरी सर्कस सुरू होते. माशीचं भ्रूण पहिले दोन तास पेशी करतच नाही. एकाच मोठ्या हॉलमध्ये केंद्रकंच दुभंगत जातात, सुरुवातीला दर आठ-नऊ मिनिटांनी. तेरा वेळा असं झालं की सुमारे सहा हजार केंद्रकं कवचाच्या आत एका थरात उभी असतात, मध्ये भिंत नाही. आणि मग एका तासात, एकाच वेळी, सगळ्यांच्या मध्ये वरून खाली भिंती उतरतात. सहा हजार खोल्यांची पार्टिशनं, एका तासात. आमच्या नव्या हॉस्टेल विंगचं काम मी फर्स्ट इयरपासून बघते आहे, पण ते असो.

भिंत नेमकी दोन केंद्रकांच्या मध्येच का उतरते? तिथे ऱ्हो नावाचा स्विच चालू होतो. डायफॅनस नावाचं फॉर्मिन एरवी घडी घालून, स्वतःचंच तोंड दाबून बसलेलं असतं. ऱ्हो येऊन ती घडी उघडतो, आणि सळया फक्त तिथेच सुरू होतात. पेशीभर पसरलेलं प्रथिन, पण जागं एका रेषेवर. डायफॅनस नसेल तर भिंती धड उतरत नाहीत आणि एकाच खोलीत दोन-तीन केंद्रकं अडकतात. भिंतीच्या खालच्या कडेला अ‍ॅक्टिन आणि मायोसिनची षटकोनी जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. तिचा स्वभावच आवळण्याचा. ती तीस-पस्तीस मायक्रॉन खाली जाऊन, केंद्रक पार करून, मग आवळली तर खोलीला तळ मिळतो. वाटेतच आवळली तर केंद्रकाचा गळा. तिला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव बॉटलनेक. 1993 मध्ये शेजटर आणि वीशाउस यांनी दाखवलं की ते नसेल तर जाळी आधीच आवळते आणि केंद्रकं चिमटून बाटलीच्या आकाराची होतात. शटरिंग कधी काढायचं याला आम्ही दिवस मोजतो. इथे मिनिटं मोजतात, आणि मोजणारं एक प्रथिन आहे, जे वेळ झाली की नाहीसं होतं.

पुढे पाठीला उरलेलं मोठं भोक दोन्ही बाजूंच्या पेशी अ‍ॅक्टिनचा दोर ओढत, बोटं बाहेर काढून एकमेकींना चाचपत, चेनसारखं बंद करतात. त्यावर वेगळा लेख होईल, पण तो मी लिहिणार नाही.

आता रेक्टर मॅडमच्या प्रश्नाकडे. 1997 मध्ये कोस्टा रिकातल्या एका मोठ्या कुटुंबाचा उलगडा झाला. त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या मुलं नीट ऐकू येणारी जन्मत, दहाव्या वर्षाच्या आसपास आधी खर्जातले आवाज जात, आणि तिशीपर्यंत सगळंच बंद. दोष निघाला तो माशीच्या डायफॅनसच्या मानवी भावंडात. कानातल्या आवाज पकडणाऱ्या पेशींवरचे केस अ‍ॅक्टिनच्याच जुडग्यांचे असतात. ते जनुक काय करत असावं हे डॉक्टरांना लगेच सुचलं, कारण तीन वर्षं आधी कुणीतरी माश्यांमध्ये ते बघून ठेवलं होतं. तसंच, ज्या मुलग्यांना वारंवार संसर्ग होतो आणि रक्त थांबत नाही अशा विस्कॉट-आल्ड्रिच नावाच्या आजारात आर्प 2/3 ला उठवणारं प्रथिन बिघडलेलं असतं. माझ्या मामाच्या मुलाला ऐकू येत नाही. त्याचं कारण वेगळं आहे, तापातून झालेलं. पण हे सगळं ऐकताना मला तोच आठवत होता, हे लिहायला हरकत नाही.

राहिला रविवार. सोमवारी बाटल्या जाणार होत्या, आणि रूममेटला प्रोजेक्टसाठी भिंती उतरतानाचे फोटो हवे होते. आपल्या पुण्यात आयसरमध्ये याच वयाच्या भ्रूणांतल्या अ‍ॅक्टिनवर काम चालतं, त्यांच्याकडे चकाकणारी प्रथिनं आणि लेझरचे मायक्रोस्कोप आहेत. आमच्याकडे लॅबचा साधा मायक्रोस्कोप आणि लॅब असिस्टंट काका, जे रविवारी स्वतःची पूजा लवकर आटोपून कुलूप उघडायला आले. सकाळी आठला आम्ही माश्यांना द्राक्षाच्या रसाच्या आगरवर सोडलं, नऊला काढलं. साडेदहाला अंडी कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये दोन मिनिटं बुडवून वरचं कवच काढलं, धुतली, काचेवर तेलात ठेवली. अंडं अर्धा मिलिमीटर, डोळ्याला तांदळाच्या कणीहून लहान.

पहिली चार फार पुढे गेलेली. दोन फुटली, माझ्या हातून. एकात काहीच घडेना, ते बहुधा फळलंच नव्हतं. आठव्याच्या कडेला काचेसारखा स्वच्छ पट्टा होता, मध्ये काळपट बलक, आणि पट्ट्यात केंद्रकं एका ओळीत, दात घासून आल्यासारखी. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांच्या वरच्या बाजूला एक बारीक रेघ दिसली. दहा मिनिटांनी बघितलं तर ती खाली सरकली होती. सुरुवातीला इतकी हळू की मला वाटलं मीच डोकं हलवलं. मग ती केंद्रकांच्या पलीकडे गेली आणि चांगली पळायला लागली. बारा वाजून पंचवीसला ती बलकापाशी थांबली. रूममेट दर मिनिटाला मोबाईल आयपीसला लावून फोटो काढत होती, आणि काका मागून "मला पण, मला पण" म्हणत होते.

चौसष्ट फोटोंपैकी एकोणीस बरे आले. बाटल्या सोमवारी सकाळी लॅबमध्ये गेल्या, इनक्युबेटर दुरुस्त होईपर्यंत काकांच्या टेबलाखाली, जिथे थंड असतं. पण आमच्या कॉरिडॉरमध्ये चिलटं अजून आहेत, म्हणजे ती मेसचीच होती. कुणाच्या केळ्यांवर सापडली तर मारू नका. डोळे लाल आणि पोटावर काळे पट्टे असतील, तर बाटलीत केळ्याचा तुकडा टाकून तोंडाला कापूस लावा आणि काकांकडे द्या.